नाटकातल्या लग्नाचा अंतरपाट

मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा, मला आता मोठ्यानं बोलवत नाही. तसाही मी आयुष्यात कधी स्वतःच्या बळावर उभा राहिलेलो नाही. दोघांनी दोन टोकं धरली की उभा, सोडली की खाली. मी एक म्हातारा अंतरपाट आहे, लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात तो. मंगलाष्टकं संपली की मला झटक्यात बाजूला ओढतात आणि मी गेलो म्हणून सगळा मांडव टाळ्या वाजवतो. चाळीस-पंचेचाळीस वर्षं हे सोसून पाहा, मग सांगा थकायला होतं की नाही.

नागपूरच्या तांडापेठेत धोंडबा नावाच्या विणकराने मला घरच्या मागावर विणलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी लुगडी विणणारा माणूस तो. मला मात्र त्याने आपल्या लेकीच्या, सिंधूच्या लग्नासाठी विणलं. पांढरं सूत आणि दोन्ही कडांना बोटभर लाल किनार. मागावरून उतरवल्यावर त्याने मला उजेडात धरलं.

"पाह्य वं सिंधू, आरपार दिसते का काही?"

"नाही बाबा."

"मंग झालं," धोंडबा म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली तेवढीच तारीफ.

सिंधूचं लग्न लागलं आणि तीन वर्षांत ती माहेरी परत आली. का आली ते मला विचारू नका, तिने कोणालाच कधी सांगितलं नाही. येताना तिच्या ट्रंकेत मीही आलो. मग वस्तीत कुणाचंही लग्न निघालं की बायका दारात यायच्या, "सिंधू, अंतरपाट दे वं!" मला न्यायचं, माझ्यावर मामीने कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, लग्न लागलं की परत आणून टाकायचं. धुवायचं काम सिंधूचं. 'दमलास का रे बाबा' असं एकाही लग्नघराने मला विचारलं नाही.

अशातच गिरिधर मास्तरांनी वस्तीतल्या हौशी लोकांची नाटक मंडळी काढली. त्यांच्या काकांनी लिहिलेलं एक संगीत नाटक त्यांच्याकडे होतं, 'संगीत केतकी-परिणय'. शेवटच्या अंकात लग्न होतं, म्हणून मला बोलावणं आलं. मला घेऊन सिंधू गेली ती तिथलीच झाली. कपड्यांची पेटी तिच्या ताब्यात आली, पेटीची किल्ली तिच्या पदराला बांधली गेली, आणि बघता बघता तिची सिंधूताई झाली.

पहिल्याच प्रयोगाआधी मोठा वाद झाला होता. नायिका झालेल्या मुलीची आई हटून बसली. म्हणाली, "मंगलाष्टकं खरी, प्रेक्षकांच्या हाती देता त्या अक्षता खऱ्या, अंतरपाटही खरा. मंग हे लगन खोटं आहे हे देवाले कसं समजन?" मास्तर डोकं खाजवू लागले. तेव्हा सिंधूताईनेच तोड काढली. खऱ्या लग्नात माझ्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नाटकात मला कोरा धरायचं. देवाला तेवढी खूण पुरे. तेव्हापासून मंडळीत हा नियम कोणी मोडला नाही, आणि दर प्रयोगाआधी मला धुऊन कोरा करणं हे सिंधूताईचं काम झालं.

आता नाटक कसलं, ते थोडक्यात सांगतो. जयसेन हा सरदारपुत्र आणि केतकी ही माळ्याची मुलगी. जयसेनाला सहा पदं आहेत आणि सहाही पदांत तो काही ना काही मागतो. फूल माग, नजर माग, हात माग. केतकीला आठ पदं आहेत, ती पाखरं आणि चांदण्याच्या पलीकडे जात नाहीत. तो एक फूल मागतो, तर ही सगळी परडीच त्याच्या हातात देऊन मोकळी होते, कारण तो काय मागतोय ते तिला समजतच नाही. मास्तर प्रत्येक तालमीत बोट वर करून सांगायचे, "जयसेन मागते. केतकीले मागणं माहीतच नाही. हे ज्याले समजलं, त्याले नाटक समजलं!"

मी पेटीवर पडल्या पडल्या ऐकायचो आणि मनात म्हणायचो, मास्तर, तुम्ही एकदा माझ्या जागी उभे राहा.

कारण मित्रांनो, माझ्या एका बाजूला काय आहे ते दुसऱ्या बाजूला दिसत नाही. दोन्ही बाजू दिसतात त्या फक्त मला. आजवर सात जयसेन झाले. मास्तर सांगतात त्या मागण्याने डोळे पेटलेला जयसेन मी पाहिला नाही. एकाच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा, त्याचं सगळं लक्ष तो गिळू नये याकडे. एकाला कामठीची बस चुकायची धास्ती. तिसरा पुढच्या ओळी पुटपुटायचा. आणि पलीकडे केतक्या! पाच झाल्या. एकीच्या छातीची धडधड माझ्या सुतापर्यंत पोचायची. एक डोळे घट्ट मिटून खालचा ओठ दातात धरायची. एक तर मंगलाष्टकं संपूच नयेत म्हणून भटजी झालेल्या नटाला डोळ्यांनी दटावायची. मागणं माहीत नसलेली केतकी मला अजून भेटायची आहे. पण अंतरपाट बाजूला झाला की त्या सगळ्या मास्तरांनी शिकवलेला भोळा चेहरा करून उभ्या राहायच्या, आणि लोक म्हणायचे, वा, काय निरागस मुलगी! एकेक केतकी लग्न होऊन निघून गेली, मी मात्र पेटीत परत.

गेल्या वर्षी सहावी केतकी आली. दामिनी तिचं नाव. वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात, राहणं तिथल्याच कॉलनीत. ही धरमपेठेत चष्म्याच्या दुकानात नोकरीला. आवाज गोड, बोलणं कमी, म्हणून सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की पोरगी साधी आहे. आल्या आल्या तिने सिंधूताईचे डोळे पाहिले. म्हणाली, "ताई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकून राहिला. काढून टाका नं." सिंधूताई म्हणाली, "काढू वं. पेटी आवरली की काढू." ती पेटी चाळीस वर्षांत आवरली नव्हती.

जयसेन होता प्रीतम. कन्हानला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, मनाने एकदम सरळ मुलगा. त्याला एकच ध्यास, लग्न लागल्यावरच्या पदात वरचा षड्ज स्वच्छ लागला पाहिजे. दामिनी त्याच्यासाठी ज्येष्ठमधाचं गरम पाणी आणायची. तो ते पिऊन म्हणायचा, "वा, गळा मोकळा झाला!" आणि हार्मोनियमवाल्याकडे वळायचा. दामिनी रिकामा पेला विसळून ठेवायची. मास्तर तिला सांगायचे, "केतकीचे डोळे खाली पाहिजेत बेटा, तिले काही समजत नाही." ती मान हलवायची आणि डोळे खाली करायची.

प्रयोगाच्या चार दिवस आधी प्रीतमने तालमीत पेढे वाटले. उमरेडच्या रुचिकाशी त्याचं जमलं होतं, साखरपुड्याची तारीख निघाली होती. दामिनीने पेढा घेतला, "अभिनंदन" म्हणाली. बाकीचे पेढे खाऊन हात पुसून मोकळे झाले तरी तिच्या मुठीत तो पेढा तसाच होता.

प्रयोग रविवारी दुपारी चारला, धरमपेठेतल्या एका सभागृहात होता. दुसरा अंक संपला. मी धुतलेला, घडी घातलेला, पेटीवर पडून होतो. सिंधूताई पलीकडे प्रीतमला मुंडावळ्या बांधत होती. तेवढ्यात दामिनी आली, नवरीच्या वेशात. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला उलगडून मांडीवर घेतलं, आपल्या सामानातला कुंकवाचा करंडा उघडला, तेलाचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्यावर स्वस्तिक काढलं.

मित्रांनो, माझ्यावर शेकडो स्वस्तिकं निघाली आहेत. मामी-काकूंनी घाईत, गप्पा मारत, अर्धं लक्ष पंगतीकडे ठेवून काढलेली. इतकं मन लावून कोणी काढलं नव्हतं. तिचा हात एकदाही हलला नाही. चारही ठिपके देऊन झाल्यावर तिने कुंकू आत घेऊन माझी घडी घातली आणि मला होतो तसं ठेवलं. आज नाटक, आणि माझ्यावर खऱ्या लग्नाची खूण. पण मी काय करणार? मी कापड. मला तोंड नाही.

अंक सुरू झाला. दोघा भटजींनी मला उलगडून धरलं. कुंकवाची बाजू दामिनीकडे आली, प्रीतमकडे कोरी. मंगलाष्टकं सुरू झाली. इकडे प्रीतम जयसेनासारखा आतुर चेहरा करून उभा होता आणि मनात षड्ज घोळवत होता. तिकडे दामिनीने पहिल्यांदा डोळे वर उचलले. मी आडवा होतो, तिला काही दिसणार नव्हतं. तरी ती जिथे प्रीतमचा चेहरा असेल तिथे बरोबर पाहत राहिली, पापणी न लववता. तिला जे हवं होतं ते इतकं उघडं होतं की मलाच संकोच वाटला. "सावधान" झालं, अक्षता पडल्या, मला ओढलं. प्रीतमचा षड्ज त्या दिवशी असा लागला की प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला.

पण पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर प्रीतमची आई अनुसया बसली होती. तिच्या जागेवरून तिला दामिनीकडची बाजू दिसत होती. आपल्याच मुलावर मूठभर अक्षता टाकल्यावर तिचं लक्ष त्या लाल खुणेवर गेलं, आणि नाटकात मला कोरा धरतात हे ठाऊक असलेल्या त्या बाईचे डोळे पांढरे झाले. पडदा पडताच ती आत आली.

"कोणं काढलं हे? माह्या पोराचा साखरपुडा पंधरा दिवसांवर, अन् इथं तुम्ही त्याचं लगन लावून देता काय? माह्याच हातानं अक्षता टाकवल्या!"

मास्तरांनी मला हातात घेतलं आणि कपाळावर हात मारला. "सिंधूताई, मागच्या आठवड्यात हा पाचपावलीच्या लग्नात गेला होता नं? धुतला नाही का तुम्ही?"

सिंधूताईने माझ्यावरून बोटं फिरवली. मग बोटांकडे पाहिलं. मग मान वळवून क्षणभर दामिनीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डोळ्याचं काय सांगू मास्तर. राहून गेलं असन."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. म्हातारी थकली, दुसरं काय. दोघी-तिघींनी दामिनीला जवळ घेतलं, "बिचारी पोर! इले काय समजते यातलं? अगदी केतकी हो, केतकी!" दामिनी खाली पाहून मुंडावळ्या सोडत राहिली. मला असा संताप आला, मित्रांनो, की शक्य असतं तर मी टर्रकन फाटलो असतो.

पुढच्या रविवारी तालमीला सगळे जमले. खापरखेड्याच्या कॉलनीत प्रयोग ठरला होता. अनुसयाबाईही आली होती. आता नीट व्यवस्था होते की नाही हे तिला डोळ्यांनी पाहायचं होतं. मास्तरांनी घसा साफ केला.

"ताई, लय वर्षं केलं तुम्ही. आता आराम करा. पेटीची किल्ली मोहितजवळ द्या." मोहित म्हणजे भटजी होणारा एक नट. तो बिचारा खाली पाहत होता.

सिंधूताई पदराची गाठ सोडू लागली. चाळीस वर्षांची गाठ ती, सुटता सुटेना. त्या पेटीशिवाय या बाईला घर नव्हतं हो. सकाळी उठून काय करायचं, हे त्या किल्लीवर ठरायचं. तिला त्या गाठीशी झटताना पाहून मी डोळे मिटून घेतले असते, पण अंतरपाटाला डोळे मिटता येत नाहीत.

"थांबा ताई." पाण्याच्या माठाजवळून दामिनी पुढे आली. "किल्ली नका देऊ. ते स्वस्तिक मी काढलं होतं."

मास्तर हसले! "पाहा, ताईले वाचवाले पोरगी आपल्यावर घेऊन राहिली. मन किती साफ आहे!"

"मास्तर, मी खरं सांगून राहिली."

"हो बेटा, हो. समजलं आम्हाले."

"तुम्हाले नाही समजलं!" दामिनीचा आवाज चिरकला. "मले प्रीतम आवडते. दिवाळीपासून आवडते. त्यानं पेढे वाटले तवा मले वाटलं, आता कधीच काही खरं होणार नाही. म्हणून एकदा, मंगलाष्टकं चालतात तेवढी तीन मिनिटं, मले खरं पाहिजे होतं. म्हणून काढलं. माह्या हातानं."

प्रीतमचं तोंड उघडंच राहिलं होतं. तो म्हणाला, "मले खरंच माहीत नव्हतं, दामिनी. मी तर... मी तवा षड्ज लागते का नाही, हेच पाहून राहिलो होतो."

दामिनीला हसू आलं आणि त्याच्याच मागून रडू. "माहीत आहे मले," ती म्हणाली.

नाटकातला मागणारा तो, आणि खरा भोळाही तोच होता. जिला मागणं माहीत नाही म्हणत होते, ती सगळ्यांसमोर मागून उभी होती, मिळणार नाही हे माहीत असून.

अनुसयाबाई ताडकन उठली. मला वाटलं, आता हात उगारते. पण ती दामिनीसमोर येऊन थांबली, तिच्याकडे पाहत राहिली, आणि तिचा आवाज उतरला. "काहून वं पोरी असं केलं? स्वस्तिक एकाच बाजूनं होतं नं? माह्या पोराले पत्ताही नव्हता. एका बाजूनं लगन लागत नसते."

"हो काकू. लागत नसते. चुकलं माह्यं."

"मंग झालं," अनुसयाबाई म्हणाली आणि खाली बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता, पण चेहऱ्यावर आनंद दिसला नाही.

मास्तर सिंधूताईकडे वळले. "तुम्हाले माहीत होतं?"

"कुंकू ओलं होतं मास्तर. बोटाले लागलं. पाचपावलीचं लगन होऊन आठ दिवस झाले होते."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तिच्या मनातलं होतं ते. मी कोण सांगणारी?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कठोर आवाजात म्हणाले, "बरं. किल्ली राहू द्या तुमच्याजवळ. पण दामिनी आता केतकी नाही करणार. केतकी निरागस आहे. जिच्या मनात असं काही आहे, ती केतकी कशी होईन?"

दामिनीने मान खाली घातली. तिला हे अपेक्षितच असावं. पण सिंधूताईने, मित्रांनो, दातांनी ती पदराची गाठ सोडली आणि किल्ली मास्तरांच्या समोर टेबलावर ठेवली.

"सहाही केतक्यांले साड्या नेसवल्या मी. त्याहिचं काळीज कसं उडत होतं, ते माह्या हाताले माहीत आहे. तुमच्या काकांनी कागदावर काय लिहिलं ते तुम्ही पाहा. ही करत नसन, तर ही घ्या किल्ली. मीही चालली."

मास्तर किल्लीकडे पाहत राहिले. सिंधूताईशिवाय मुंडावळ्या कुठे आहेत हेही त्यांना सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी हात टेकले. किल्ली तिच्याकडे सरकवत म्हणाले, "तालीम सुरू करा."

खापरखेड्याला प्रयोग झाला. सिंधूताईने मला तीनदा धुतलं होतं आणि दामिनीने पाणी घातलं होतं. तरी जिथे स्वस्तिक होतं तिथे फिकट गुलाबी छटा राहिलीच. बाकी मी कोरा. मंगलाष्टकं सुरू झाली. या वेळी प्रीतमला पलीकडे कोण उभं आहे ते माहीत होतं. त्याने मान खाली घातली होती, आणि पुढे त्याचा षड्ज जरा फाटलाच. दामिनी ताठ उभी होती, डोळे कोरडे. प्रेक्षकांतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "पोरगी किती भोळी दिसते वं!"

ऐकून मी दमून गेलो, मित्रांनो. चाळीस वर्षं तेच ते.

"सावधान" झालं. मला ओढायला मोहितने हात आवळला. तेवढ्यात दामिनी ओठ न हलवता म्हणाली, "थांब गा." तो थांबला. तिने एक खोल श्वास घेतला, सोडला, मास्तरांनी शिकवलेला चेहरा घातला. "हं. ओढ आता."

तर मित्रांनो, मला धुऊन, उन्हात वाळवून, डांबरगोळ्या घालून ठेवा, तेवढी काळजी तुम्ही घ्यालच. पण आणखी एक करा. कोणाला साधी-भोळी म्हणून डोक्यावरून हात फिरवण्याआधी तिला विचारा, तुला काय पाहिजे? आणि मला बाजूला ओढण्याआधी एक श्वास थांबा. पलीकडे कोणीतरी उभं असतं, त्याला तोंड पुसायला तेवढा वेळ लागतो.